दावा खर्चासह फेटाळला, तरी वकिलाची पूर्ण फी का मिळत नाही?

दापोली तालुक्यातील एका वाचकांच्या कलमांच्या बागेचा जांभ्याचा गडगा (दगडी कुंपण) आपल्या हद्दीत असल्याचे सांगून शेजाऱ्याने दावा लावला आणि न्यायालयाने तो खर्चासह फेटाळला. मात्र हुकूमनाम्यातील (निकालानंतरच्या औपचारिक आदेशातील) वकील फी प्रत्यक्ष दिलेल्या फीचा दहावा हिस्साही नाही. उरलेली रक्कम शेजाऱ्याकडून वसूल करता येईल का, असे ते विचारतात.

स्पष्ट सांगायचे तर, उरलेल्या फीसाठी स्वतंत्र दावा चालणार नाही. तसा सल्ला कोणी दिला तरी त्यात पैसे घालू नयेत. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 35 नुसार खर्चाचा निर्णय दावा चालवणाऱ्या न्यायालयानेच करायचा असतो, आणि त्यातील वकील फी आपण वकिलाशी ठरवलेल्या रकमेवर नव्हे, तर नियमांतील दरांवर आकारली जाते. खर्च वास्तववादी असावा, असे सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये सेलम बार असोसिएशनच्या प्रकरणात म्हटले होते खरे. पण 2011 मध्ये संजीव कुमार जैन प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने मंजूर केलेला सुमारे 45 लाखांचा खर्च सर्वोच्च न्यायालयानेच नियमांच्या मर्यादेत आणला. खोट्या किंवा त्रासदायक दाव्याबद्दल कलम 35अ खाली मिळणारी भरपाईही 3,000 रुपयांपुढे जात नाही, आणि तसा आक्षेप दावा चालू असतानाच घ्यावा लागतो. ही रक्कम आज हास्यास्पद वाटते, पण कायदा बदलेपर्यंत तीच लागू आहे.

तेव्हा जे मंजूर झाले आहे, ते तरी पूर्ण पदरात पाडून घ्यावे. हुकूमनाम्याची नक्कल काढून त्याखालचा खर्चाचा तक्ता ओळीने तपासावा. गडग्याच्या वादात न्यायालयाच्या आदेशाने मोजणी झाली असेल व तिची फी आपण भरली असेल, तर ती, तसेच कोर्ट कमिशनरचा मेहनताना आणि साक्षीदारांचा भत्ता त्यात आला आहे का, हे पाहावे. बेरजेची किंवा लिखाणातील चूक असल्यास कलम 152 खाली दुरुस्तीचा अर्ज करता येतो. फीचा दर वाढवून घेण्यासाठी मात्र या कलमाचा उपयोग नाही.

नंतर वकिलांमार्फत नोटीस द्यावी. शेजारी दाद देत नसल्यास हुकूमनामा अंमलात आणण्याजोगा झाल्यापासून 12 वर्षांच्या आत दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज) दाखल करता येते. शेजाऱ्याने अपील केले असले, तरी वरिष्ठ न्यायालयाने स्थगिती दिल्याशिवाय वसुली थांबत नाही.