होलोकॉस्टला ‘नरमेध’ म्हणावं का?

एका भाषांतरकार बाईंनी विचारलं आहे: नाझी काळातल्या ज्यूंच्या संहारावरचा लेख मराठीत आणताना त्यांनी ‘होलोकॉस्ट’साठी ‘नरमेध’ लिहिलं. मुद्रितशोधकांनी ते खोडून ‘हत्याकांड’ केलं. दोघांपैकी बरोबर कोण?

मला विचाराल तर दोन्ही शब्द नकोत. पण बाईंची चूक फार मोलाची आहे, म्हणून आधी तिच्याकडे वळतो.

मेध म्हणजे यज्ञ. अश्वमेधात घोडा, नरमेधात माणूस. आता ‘होलोकॉस्ट’ फोडून बघा. ग्रीकमध्ये ‘होलोस’ म्हणजे अख्खं आणि ‘कॉस्तोस’ म्हणजे जळालेलं. हिब्रू बायबल ग्रीकमध्ये गेलं तेव्हा ‘ओला’ या विधीसाठी या कुळातला शब्द वापरला गेला. ओला म्हणजे मांसाचा वाटा कुणालाही न ठेवता सगळा पशू वेदीवर जाळायचा, असं अर्पण. म्हणजे व्युत्पत्तीपुरतं बोलायचं तर ‘नरमेध’ हे जवळजवळ नेमकं भाषांतर झालं!

आणि दुखणं नेमकं तिथंच आहे. यज्ञ म्हटला की यजमान आला, देवता आली, पदरात पडणारं काही फळ आलं. ऑश्विट्झ या नाझींच्या मृत्युछावणीत सुमारे दहा लाख ज्यू मारले गेले. तिथं यजमान कुणाला म्हणायचं? म्हणून पुष्कळ ज्यूंना ‘होलोकॉस्ट’ हाच शब्द खुपतो. ते हिब्रूतला ‘शोआ’ वापरतात. शोआ म्हणजे अरिष्ट, उद्ध्वस्तता. त्यात वेदी नाही, पुण्य नाही. इस्रायलमधल्या स्मृतिदिनाच्या नावातही शोआच आहे.

यिद्दिश ही युरोपातल्या ज्यूंची भाषा बोलणारे, या संहारातून जिवंत राहिलेले लोक तिसराच शब्द वापरत: ‘खुर्बन’. हा मूळचा जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शब्द. पहिलं मंदिर बॅबिलोनच्या लोकांनी पाडलं, दुसरं इ. स. ७० मध्ये रोमनांनी. म्हणून हा तिसरा खुर्बन. या दोन्ही विध्वंसांचं सुतक ज्यू लोक आव महिन्याच्या नवमीला पाळतात. आपल्या कोकणातले बेने इस्राएल ज्यू, म्हणजे शनवार तेली, याच दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हणत. वालाच्या बिरड्यावरून पडलेलं नाव! दोन हजार वर्षांपूर्वीच्या खुर्बनची आठवण मराठीत अशी बिरड्याच्या नावानं नांदत होती, हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी बराच वेळ गप्प बसलो होतो.

‘हत्याकांड’ थोडक्यात उरकतो. या शब्दाला एक जागा आणि एखाददुसरा दिवस लागतो. जालियनवाला बाग हे हत्याकांड. कीव्हजवळच्या बाबी यार इथल्या दरीत २९ आणि ३० सप्टेंबर १९४१ या दोन दिवसांत ३३,७७१ ज्यूंना गोळ्या घातल्या, तेही हत्याकांड. (भट्ट्या नाहीत, छावणी नाही. ‘जाळणे’ हा अर्थ इथं तसाही लंगडा पडतो.) पण १९३३ पासून कायदे करून आधी नोकऱ्या, मग नागरिकत्व, मग घरं काढून घेत शेवटी साठ लाख माणसं मारली, त्या सगळ्याला ‘कांड’ पुरत नाही. जाता जाता: रशियन साम्राज्यातल्या किशिनेव्हला १९०३ मध्ये झालं त्या ‘पोग्रोम’ला, म्हणजे जमावानं ज्यूंवर केलेल्या हल्ल्याला, ‘दंगल’ही म्हणू नये. दंगलीला दोन बाजू लागतात.

मग ‘वंशसंहार’, ‘वंशविच्छेद’? हे चांगले शब्द आहेत, पण ते ‘जेनोसाइड’चे. तो शब्द राफाएल लेमकिन या पोलिश ज्यू कायदेपंडितानं घडवला आणि १९४४ च्या आपल्या पुस्तकात छापला. ‘गेनोस’ ग्रीक, पुढचं शेपूट लॅटिन. स्वतःच्या घरातली एकोणपन्नास माणसं त्यानं या संहारात गमावली होती. डिसेंबर १९४८ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यावर करार केला. त्या करारात नुसतं ठार मारणं येत नाही. एखाद्या समूहात मुलं जन्मू न देणं, असलेली मुलं हिसकावून दुसऱ्या समूहाला देणं हेही येतं. त्यामुळे ‘नरसंहार’ तोकडा पडतो आणि ‘वंशविच्छेद’ चपखल बसतो. ‘तुझा निर्वंश होवो’ हा शाप ज्या भाषेत आहे तिला हा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको. ‘संहार’ मला जरा कमी आवडतो; आपल्याकडे देव असुरांचा संहार करतात, त्यामुळे मारणाऱ्याकडे नकळत पुण्य जातं.

बाईंच्या लेखात आणखी एका ठिकाणी अडखळलो. ज्यूंच्या संहाराची आखणी करणाऱ्या नाझी अधिकाऱ्यांच्या २० जानेवारी १९४२ च्या वान्झे बैठकीच्या संदर्भात, जर्मन ‘एंडल्योझुंग’ (इंग्रजीत ‘फायनल सोल्यूशन’) साठी, ‘अंतिम तोडगा’ असं आलं आहे. तोडगा दोन पक्षांत निघतो. तिथं पंधरा अधिकारी टेबलाभोवती होते, दुसरा पक्ष नव्हताच. ‘कायमचा निकाल लावणे’ मनात येतं, पण त्यात मारण्याचा अर्थ उघड ऐकू येतो, आणि जर्मन शब्द तर तो लपवण्यासाठी होता. गणित सोडवावं तसा तो कोरडा शब्द. म्हणून ‘अंतिम सोडवणूक’, तेही अवतरणचिन्हात. इतिवृत्तात माणसं मारायला नेण्याला ‘पूर्वेकडे रवानगी’ अशा थाटाचे शब्द आहेत. तिथंही अवतरणं काढू नका.

तेव्हा घटनेचं नाव म्हणून ‘होलोकॉस्ट’ तसंच ठेवा, पहिल्या उल्लेखात शेजारी ‘शोआ’ द्या, आणि गुन्ह्याचा प्रकार सांगायचा असेल तिथं ‘वंशविच्छेद’. ‘साठ लाखांचा बळी’ राहू द्या. दुष्काळाचे बळी, अपघाताचे बळी म्हणता म्हणता त्यातली वेदी कधीच विझली आहे. शेवटच्या परिच्छेदातली ‘आहुती’ मात्र काढून टाका.