वर्गात एक डिस्लेक्सियाचा मुलगा आहे, बाकीच्या मुलांवर अन्याय न होता त्याला कशी मदत करता येईल?

तुमच्या प्रश्नातलं "बाकीच्या मुलांवर अन्याय" वाचलं आणि कणीक तशीच झाकून ठेवून लिहायला बसले. हेच वाक्य मी २०१२ मध्ये आमच्या स्टाफरूममध्ये ऐकलंय, आणि तेव्हा मी गप्प बसले होते.

मी नागपुरात एका अनुदानित मराठी शाळेत विज्ञान शिकवते, गरज पडली की मराठीचे तासही घेते. असाच एक डिस्लेक्सियाचा, म्हणजे वाचण्या-लिहिण्यात अडकणारा पोट्टा सहावीत माझ्या वर्गात आला. आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असा तेव्हा नियम होता, त्यामुळे वर्षामागून वर्ष वर सरकत आला होता आणि कुणी थांबून बघितलंच नव्हतं. वाचायला उभं केलं की धडा घडाघडा म्हणायचा. पहिले दोन महिने मला वाटलं चांगलं वाचतो. मग एकदा जवळ उभी होते तर बघते, बोट एका ओळीवर आणि तोंड दुसऱ्याच ओळीवर, पान उलटायचं तेव्हाही उलटलं नाही आणि वाचन चालूच. ऐकून ऐकून पाठ केलेला होता सगळा धडा. नवीन पान समोर ठेवलं तर "घर" आणि "धर" मध्ये अडकला, "भ" दिसला की "म" म्हणायचा, जोडाक्षर आलं की थांबून माझ्या तोंडाकडे बघायचा.

आणि मी काय केलं? "प्रार्थना" हा शब्द पन्नास वेळा लिहून आणायला सांगितला. मला ती वही अजून डोळ्यांसमोर दिसते. पहिल्या तीन ओळी बरोबर, कारण फळ्यावरून बघून वर्गातच लिहिल्या होत्या. घरी गेल्यावर रफार सरकला, "प्राथर्ना" झालं, मग तेच बघून पुढचं लिहिलं, खाली खाली "पार्थना". म्हणजे मी त्याच्याकडून चाळीसेक वेळा चुकीचाच शब्द गिरवून घेतला आणि वर लाल पेनानं "लक्ष नाही" असा शेरा मारला. तो शेरा मारल्याचं मला आजही वाईट वाटतं. म्हणून सांगते, पन्नासदा लिहा, शंभरदा लिहा हे आजपासून बंद करा. या मुलांचा घोळ शब्दातले आवाज सुटे करण्यात आणि ते अक्षराशी जोडण्यात असतो. हात दुखवून तो सुटत नाही, आणि आळस तर तो नाहीच.

आता मुख्य गोष्ट. मार्च संपत आला होता, युनिट टेस्टचे पेपर तपासून झाले होते, त्याचा विज्ञानाचा पेपर नाव सोडून जवळजवळ कोरा. शाळेच्या ऑफिसमधला कूलर बाहेर काढला होता. त्याचे बाबा सीझनमध्ये कूलर भरायचं काम करायचे, वाळा भरणं, मोटर, पंप बसवणं, म्हणून शिपाई काकांनी या पोट्ट्यालाच बोलावलं ताटी, म्हणजे कूलरची वाळा भरलेली बाजू, बसवायला. मधल्या सुट्टीत हा व्हरांड्यात उकिडवा बसून ताटीला जाळी लावून राहिला होता, एक एक तार वाकवून आत दाबत होता, बोटं खरचटलेली. मी सहज विचारलं, काय रे, पावसाळ्यात कूलर लावला तर काहून थंड वाटत नाही? हाच प्रश्न माझ्या पेपरात होता, तीन मार्कांचा, बाष्पीभवनावरचा. त्यानं मान वर न करता सांगितलं, "मॅडम, ताटी ओली रायते, पंखा हवा ओढते, तं ताटीतलं पानी उडते अन् उडता उडता हवेतली गरमी घेऊन जाते. बरसातीत हवाच ओली रायते, मंग पानी उडन कसं? म्हनून चिपचिप होते." पुढे म्हणाला, आणि म्हणूनच बाबा लोकांना सांगतात का खिडकी उघडी ठेवा, बंद खोलीत कूलर लावू नका. ते तर पुस्तकातही नव्हतं!

वर्गातल्या पहिल्या नंबरच्या मुलीनं "हवेत आर्द्रता जास्त असते म्हणून" एवढं लिहिलं होतं. मी तिला तीन दिले होते, याला पण तीन दिले.

झालं, स्टाफरूममध्ये आग लागली. एक सीनियर सर म्हणाले, "मॅडम, उद्या सगळेच म्हणतील आम्हालाही तोंडी विचारा. बाकीच्यांवर अन्याय नाही का हा?" मुख्याध्यापकांनी माझ्यासमोर तीनाचे शून्य केले. मी तेव्हा शिक्षणसेवक होते, कायम व्हायचं होतं, बोलले नाही. त्या तीन मार्कांपेक्षा मला माझ्या न बोलण्याचा राग जास्त आहे.

तर त्या सरांना मला जे सांगायचं होतं ते आता तुम्हाला सांगते. विज्ञानाच्या पेपरात आपण काय मोजतो? विज्ञान की वाचन? वाचन मोजायचं असेल तर मराठीच्या तासाला खुशाल मोजा. आणि प्रश्न वाचून दाखवल्यानं ज्याला उत्तर येत नाही त्याला ते येतं का? माझ्यावर विश्वास बसत नसेल तर करून बघा, मी केलंय. पुढच्या वर्षी सातवीला मी त्याच वर्गात सगळा पेपर सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवला, दोन दोनदा. बाकीच्यांचे मार्क होते तिथेच राहिले, चढले ते फक्त त्याचे आणि मागच्या बाकावरच्या आणखी दोघांचे, आणि त्या दोघांकडे तर तोपर्यंत माझंही लक्ष नव्हतं. कुणाचं काय हिसकावलं गेलं सांगा.

शिवाय हे काही मी नियमाबाहेर जाऊन करत नव्हते. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात तोंडी काम, प्रात्यक्षिक ही साधनं दिलेलीच आहेत, २०१० पासून. दहावीच्या बोर्डात अशा मुलांना सवलती आपल्या महाराष्ट्रात नव्वदच्या दशकापासून मिळतात. आता तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातही अध्ययन अक्षमता, म्हणजे डिस्लेक्सियासारख्या शिकण्यातल्या अडचणी, स्पष्ट लिहिलेली आहे. बोर्डाला जे चालतं ते सहावीच्या युनिट टेस्टला चालत नाही, हे मला आजही कळत नाही.

वर्गात काय करायचं ते थोडक्यात सांगते, रोजच्या तासाला तर तुम्ही उभ्या असता, मी नाही. त्याला अचानक वाचायला उभं करू नका. वाचून घ्यायचंच असेल तर चार ओळी आदल्या दिवशी सांगून ठेवा, घरी कुणाकडून तरी ऐकून येऊ दे. ओळीखाली धरायला पुठ्ठ्याची पट्टी द्या, डोळा खालच्या ओळीत घसरत नाही. नवा शब्द टाळ्या वाजवत तोडून म्हणायचा, मग अक्षर हवेत, मग ताटलीतल्या रव्यात बोटानं, तोंडानं आवाज काढत. मी काना-मात्रा-वेलांट्या वेगळ्या रंगाच्या खडूनं लिहायचे, त्याचा सगळ्याच वर्गाला फायदा झाला. विज्ञान-इतिहासात शुद्धलेखनाचे मार्क कापू नका. फळ्यावरचं उतरवणं हा त्याचा सर्वात मोठा छळ आहे, शेजारच्या मुलाच्या वहीची झेरॉक्स द्या. आणि हे सगळं महिनाभर करून सोडायचं नाही, मला फरक दिसायला वर्ष लागलं.

घरच्यांशी बोलताना "डोकं कमी आहे" असा वास येऊ देऊ नका. त्याच्या आईनं मला पहिला प्रश्न हाच विचारला होता, "मॅडम, पोरगं वेडं तं नाही ना?" उलट, डिस्लेक्सियाच्या तपासणीत बुद्ध्यांकही मोजतात आणि तो चांगला असूनही वाचन मागे आहे हेच बघतात. बाबांना विचारलं तर म्हणाले, मीही असाच होतो, चौथीत शाळा सोडली. हे घराण्यात चालत येतं, विचारलं तर बऱ्याचदा निघतं.

अध्ययन अक्षमतेच्या सर्टिफिकेटचं मात्र लवकर बघा. दहावीच्या जानेवारीत धावपळ करून काही होत नाही. त्याचं आम्ही आठवीत काढलं, सरकारी दवाखान्याच्या तीन चकरा झाल्या आणि प्रत्येक चकरेला बाबांची एक दिवसाची मजुरी बुडाली, हे शाळेनं लक्षात ठेवायला पाहिजे. दहावीला त्याला तीन तासांच्या पेपरला एक तास जास्तीचा मिळाला. पास झाला, आयटीआयला रेफ्रिजरेशन आणि एसीचा ट्रेड घेतला. मार्चमध्ये अजूनही फोन येतो, मॅडम कूलर केव्हा भरू म्हणून. मेसेज लिहीत नाही, बोलूनच सांगतो.

एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती, मी स्पेशल एज्युकेटर नाही, आणि न वाचणारं प्रत्येक पोट्टं डिस्लेक्सियाचं नसतं. आधी डोळे, कान तपासून घ्या. घरी हिंदी किंवा गोंडी बोलतात का, मध्ये शाळा सुटली होती का, हेही बघा. माझ्या वर्गातल्या त्या दोन मागच्या बाकावाल्यांपैकी एकाला नुसता चष्मा लागला होता.

आणि पेपर वाचून दाखवताना एक सांभाळा, पर्याय वाचताना बरोबर उत्तराशी आवाज आपोआप वर जातो. मुलं ते लगेच पकडतात. मला ती सवय मोडायला अख्खं एक सत्र लागलं, घरी फोनवर रेकॉर्ड करून ऐकायचे.