कोल्ड फ्यूजन वाचायला घेतोयस? मग आधी हे बघ

भावा, कोल्ड फ्यूजन (साध्या तापमानालाच अणुकेंद्रकं जुळून ऊर्जा निघते हा दावा) कुठून वाचू असं विचारलंस, नाशकातल्या कोणाला याचा नाद लागलाय हे बघून भारी वाटलं. १९८९ पासून सुरू कर, फ्लाइशमन आणि पॉन्स हे दोन रसायनशास्त्रज्ञ, जड पाणी (हायड्रोजनऐवजी त्याचा जड प्रकार ड्यूटेरियम असलेलं), पॅलेडियम धातूचा कॅथोड (ऋण टोक) आणि दिलेल्या विजेपेक्षा जास्तीच्या उष्णतेचा दावा. नवीन लोक त्या उष्णतेतच अडकतात, तू आधी विचार न्यूट्रॉन कुठायत? ड्यूटेरियमच्या नेहमीच्या फ्यूजनमधून एक वॉट जरी निघाला तरी सेकंदाला साधारण लाख कोटी न्यूट्रॉन सुटतील, शेजारी तासभर थांबणंही जीवघेणं.

मग:
- तुलनेसाठी साध्या पाण्याचा तसाच दुसरा सेल (कंट्रोल सेल) नसेल तर आकड्यांवर विश्वास नको, पाण्यातून सुटलेले हायड्रोजन-ऑक्सिजन गॅस सेलमध्येच परत जुळले की खोटी उष्णता दिसते.
- आपल्या ट्रॉम्बेच्या बीएआरसीनेही (भाभा अणुसंशोधन केंद्र) १९८९ मध्ये ट्रिटियम (हायड्रोजनचा किरणोत्सारी प्रकार, फ्यूजनची एक खूण) मिळाल्याचं सांगितलं होतं, ते आणि २०१९ चा गुगलचा नकारार्थी निकाल दोन्ही वाच.

स्क्रीनिंगची थिअरी (धातूतल्या इलेक्ट्रॉनमुळे केंद्रकांमधलं अपकर्षण कमी होतं ती) नंतर. घरी सेल अजिबात लावू नको, हायड्रोजन फुटतो.