चाकणला कंत्राटावर पाठवू, का इथंच भरतीची वाट बघू?

नमस्कार अण्णा,

पत्र मिळालं. बाकी वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. अण्णा सोलापूरच्या पूर्व भागात मागावर टॉवेल विणतात, पगार आठवड्याला आणि तोही जेवढा माल निघेल तेवढाच, वहिनी घरी बीड्या वळतात. पोरगा दोन वर्षांचा आयटीआय इलेक्ट्रिशियन करून पास झालाय आणि आता चाकणच्या एका कंपनीत कंत्राटदारामार्फत काम मिळतंय, महिना 17,500 सांगितलेत. अण्णा म्हणतात मी आयुष्य असंच काढलं, पोरानं तरी कायमची नोकरी बघावी, कंत्राटात जाण्यापेक्षा वर्षभर घरी बसून महावितरण नाहीतर रेल्वेच्या भरतीचा अभ्यास करावा. पोरगं ऐकत नाही, पंधरा दिवस झाले घरात बोलणं बंद.

आधी बोलणं सुरू करा बगा. बाकीचं नंतर.

अण्णा, तुम्हीच लिहिलंय की तुमचे वडील नरसिंग गिरजी मिलमध्ये होते, भोंगा झाला की कामावर, महिन्याला पगार, दिवाळीला बोनस. तुमच्या डोक्यातली कायमची नोकरी ती आहे, आणि ती तुम्हाला स्वतःला कधी मिळाली नाही म्हणून पोराला मिळावी वाटतं, हे मला कळतं हो. पण 1877 ची जुनी मिल काय, लक्ष्मी-विष्णू काय, नरसिंग गिरजी काय, सगळ्यांना कुलूप लागलं आणि त्यातले कायम कामगारच देण्यांसाठी वर्षानुवर्षं खेटे घालत बसले. आणि ज्या महावितरणचं नाव तुम्ही घेताय तिथं विद्युत सहायक म्हणून लागलं तरी पहिली तीन वर्षं ठराविक मानधनच असतं, त्यानंतर तंत्रज्ञ म्हणून घेतात. म्हणजे सुरुवात तिथंही लगेच कायम नाही.

म्हणून कायम का कंत्राट हा प्रश्न जरा बाजूला ठेवा आणि पोराला एकच विचारायला सांगा, काम मेन्टेनन्सला आहे का प्रॉडक्शन लाईनवर? माझ्या मते सगळं इथंच ठरतं. मेन्टेनन्सला असेल तर तो सीनियरच्या हाताखाली पॅनल उघडेल, मोटर का जळली ते शोधेल, पीएलसीला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, निदान हात लावेल, वर्षभरात जे शिकेल ते घरी पुस्तक वाचून येणार नाही. आणि लाईनवर असेल तर आठ तास, ओव्हरटाईम धरून बारा तास, एकच पार्ट उचलायचा एकच स्क्रू मारायचा, आयटीआयचं सर्टिफिकेट बॅगेतच राहतं, आणि दोन वर्षांनी दुसरीकडे मुलाखतीला गेला की समोरचा विचारतो मोटर सुरू करायच्या स्टार-डेल्टा स्टार्टरची वायरिंग सांग, तेव्हा पोरगा गप्प. अशी पोरं माझ्याकडे नेहमी येतात. लाईनचं काम असेल तर मी स्वतः नको म्हणेन, मग 17 द्या नाहीतर 20 द्या.

आता पैसे. हे 17,500 हातात का कापायच्या आधीचे, ते स्पष्ट विचारा. समजा बेसिक 12,000 धरलं तर पीएफ 12 टक्के म्हणजे 1,440 जाणार, ईएसआयचे (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) पाऊण टक्क्याने 132, प्रोफेशनल टॅक्स 200, हातात राहिले पंधरा हजार सातशेच्या आसपास. पण काही कंत्राटदार मालकाने भरायचा पीएफ-ईएसआयचा हिस्सापण त्याच 17,500 मध्ये धरतात, मग हातात पावणेचौदाच येतात आणि पोरगं पहिल्या पगाराला फोनवर रडतं. पीएफ कापतात म्हणून चिडायचं नाही, तो त्याचाच पैसा आहे, फक्त यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, घ्यायचा आणि दोन महिन्यांनी पासबुकात खरंच जमा होतोय का ते मोबाईलवर बघायचं. ईएसआय असेल तर आजारपणात, अपघातात उपयोगी पडतं, विजेच्या कामात याला किंमत आहे.

नेमणूकपत्र घेतल्याशिवाय गाडीत बसवू नका. 21 नोव्हेंबर 2025 पासून नवे श्रम कायदे लागू झालेत, त्यात नेमणूकपत्र देणं सक्तीचं आहे (सक्तीचं आहे म्हणजे मागितल्याशिवाय मिळेलच असं नाही, आपल्याला माहितीये). त्यावर पगार कोण देणार, कंपनी का कंत्राटदार, कामाचं पद काय, एवढं तरी वाचा. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो म्हणजे नेमणूकपत्र नव्हे, आणि कोणी "रजिस्ट्रेशन"चे पैसे मागितले तर तिथूनच मागे फिरा.

तुमच्या दोघांच्या भांडणात एक तिसरा रस्ता राहिलाच की, अप्रेंटिसशिप. एक वर्ष स्टायपेंड मिळतं, पगारापेक्षा कमी असतं, पीएफ नसतो, हे खरंय. पण शेवटी परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळतं, आणि रेल्वेत अप्रेंटिस पूर्ण केलेल्यांना लेव्हल 1 च्या, म्हणजे सगळ्यात खालच्या पदांच्या, भरतीत 20 टक्के जागा राखीव असतात. तुम्हाला रेल्वेच पाहिजे ना, मग आपल्या जिल्ह्यात कुर्डुवाडीला वर्कशॉप आहे, सोलापूर हे मध्य रेल्वेचं डिव्हिजन आहे, जाहिरात निघाली की फॉर्म भरायला लावा. नुसतं घरी बसून अभ्यास करण्यापेक्षा हे कितीतरी बरं. घरी बसायला माझा साफ विरोध आहे, जाहिरात कधी येईल, परीक्षा कधी होईल, निकाल कधी लागेल याचा नेम नसतो आणि तोवर हाताची सवय जाते.

सोलापुरात काहीच नाही असंही नाही. फेब्रुवारी 2024 पासून घराच्या छतावरच्या सोलरला केंद्राचं 78,000 पर्यंत अनुदान मिळतं, त्यामुळे सोलर बसवणाऱ्यांना वायरिंग येणारी पोरं लागतात, आपल्याकडे उन्हाची काय कमी. पण हे काम कधी रेटून तर कधी शून्य, त्यावर एकट्यावर घर चालवायचा विचार आत्ता नको. शिकायचीच इच्छा असेल तर आयटीआयनंतर डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला ॲडमिशन मिळतं, शासकीय तंत्रनिकेतन गावातच आहे. आणि वहिनींचं बीडी कामगाराचं कार्ड असेल तर मुलांच्या शिक्षणाला केंद्राची स्कॉलरशिप आहे, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरतात, ते बघाच.

माझं मत विचारलंत तर असं: मेन्टेनन्सचं काम आणि हातात नेमणूकपत्र असेल तर वर्षभर जाऊ द्या, भरतीचे फॉर्म तिथूनही भरता येतात. लाईनचं असेल तर अप्रेंटिसशिप.

आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की खोलीच्या डिपॉझिटसाठी कारखानदाराकडून उचल घेणार. घेऊ नका. आधीची उचल फिटली नाही म्हणून तुम्हाला तोच कारखाना धरून बसावं लागलंय, हे तुमच्याच पत्रात दोन ओळी वर आहे. पोरगा म्हणतो तसं मित्रांच्या खोलीत पहिला महिना काढू दे, डिपॉझिट त्याच्या पहिल्या पगारातून तोच भरेल.