पैठणीच्या पानाला फिल्टर नको, एकच उजेड हवा

ताई, घरच्या मागावरच्या पैठण्यांचे इन्स्टाग्रामचे पान दोन वर्षे सांभाळूनही ते विस्कळीत का दिसते आणि सगळ्या फोटोंना एकच फिल्टर लावला तर ते एकसंध होईल का, असे तुम्ही पैठणहून विचारले आहे. मी छत्रपती संभाजीनगरात हिमरू (सूत-रेशमाच्या नक्षीदार विणाईच्या) शालींचे पान सात वर्षे चालवतो. माझे स्पष्ट मत आहे की फिल्टर लावू नये, कारण कापडाच्या धंद्यात गिऱ्हाईक रंगाचेच पैसे मोजते आणि फिल्टर नेमका तोच बदलतो. पहिल्या वर्षी मी सगळ्या फोटोंवर पिवळसर छटा चढवली होती. पान देखणे झाले, पण नांदेडच्या एका बाईंनी हिरवट मोरपंखी समजून मागवलेली शाल प्रत्यक्षात निळ्याकडे झुकलेली निघाली आणि ती परत आली. त्यांची तक्रार रास्त होती.

पान एकसंध दिसते ते उजेड, पार्श्वभूमी आणि अंतर या तीन गोष्टी कायम ठेवल्याने, आणि त्यांतही उजेड सर्वांत महत्त्वाचा. सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान, थेट ऊन येत नाही अशा ओसरीवर किंवा उत्तरेकडच्या दारापाशी एक जागा ठरवा आणि घरातली ट्यूबलाइट बंद ठेवा, कारण दोन प्रकारचे उजेड मिसळले की रेशमाचा खरा रंग फोनला कळत नाही. शेजारची भिंत गुलाबी किंवा आकाशी असेल तर तिची झाक पदरावर पडते. करड्या शहाबादी फरशीवर साडी पसरली तर हा त्रास होत नाही. फोनच्या प्रो मोडमध्ये जाऊन साडीजवळ ठेवलेला कोरा कागद पांढराच दिसेल असा व्हाइट बॅलन्स लावून घ्या आणि त्या दिवशीचे सगळे फोटो त्याच मापावर काढा.

पैठणीच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. धूपछाँव साडीत ताणा एका रंगाचा आणि बाणा दुसऱ्या रंगाचा असल्यामुळे कोन बदलला की साडीच बदललेली वाटते, म्हणून अशा प्रत्येक साडीचे दोन ठरलेल्या कोनांतले फोटो एकाच पोस्टमध्ये द्यावेत. फ्लॅश अजिबात वापरू नये. त्याने जरीची तार पांढरी पडते आणि बांगडी मोराची नक्षी पुसल्यासारखी होते.

तुम्ही म्हणता तशी बुद्धिबळाच्या पटासारखी मांडणी मी करून पाहिली आहे. ओळीत तीन चौकटी असतात आणि एक नवी पोस्ट पडली की मागच्या सगळ्या एकेक घर सरकतात, त्यामुळे गडद आणि फिक्या पोस्ट आलटून-पालटून टाकल्या तर पट टिकतो, पण तीन-तीन पोस्ट एकदम टाकल्याशिवाय उभ्या रांगांची रचना टिकत नाही. शिवाय जानेवारी 2025 पासून प्रोफाइलवरच्या चौकटी चौरस न राहता उभ्या झाल्या आहेत, म्हणून जुने चौरस फोटो दोन्ही बाजूंनी कापले जातात, तर रीलचे कव्हर वरून आणि खालून कापले जाते. मुख्य नक्षी नेहमी मध्यभागी ठेवा.

मजकुराच्या पोस्टसाठी दोनच रंग आणि एकच फॉन्ट पुरे. आपल्या जवळच्या अजिंठ्यात गेरू, पिवळी माती, काजळी, चुना, हिरवी माती आणि लाजवर्द (निळा दगड) अशा मोजक्या रंगांवर केवढी चित्रे उभी आहेत ते एकदा नीट पाहून या. तुमच्या पानावर साड्या आधीच रंगीत आहेत, तेव्हा अक्षरे काळपट आणि मागची पाटी कोऱ्या सुताच्या रंगाची ठेवली की साडी उठून दिसेल.

जुने साठ फोटो घाईने पुसू नका. आधी या पद्धतीने नऊ नवे फोटो काढून टाका, मग जुन्यांतले रंग बिघडलेले तेवढे आर्काइव्ह करा, म्हणजे न पुसता पानावरून लपवा. वर पिन करण्याच्या तीन जागांपैकी एक मागावर चालणाऱ्या हातांच्या व्हिडिओला अवश्य द्या. माझ्या पानावर भाव विचारणारे बहुतेक लोक तिथूनच येतात.