बायकोचे दिवस वर गेलेत, डॉक्टर कळा आणायचं म्हणतात आणि ती नको म्हणते. नाकारता येतं का?

नाकारता येतं. पण तुम्ही नाही, तिने नाकारायचं. लेबर रूममध्ये काम करताना कागदावर सही करायला नवरा किंवा सासूच पुढे होताना दिसते, म्हणून हे आधी सांगते. समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की रुग्ण सज्ञान असेल तर संमती तिचीच हवी. त्यात मुलगी भुलीखाली असताना आईने दिलेली संमती न्यायालयाने मान्य केली नाही. उपचार कशासाठी, पर्याय कोणते, धोके कोणते आणि नाकारल्यास काय होऊ शकतं, हे डॉक्टरांनी सांगायला हवं, असंही त्याच निकालात आहे. तेव्हा बाळाला धोका आहे असं डॉक्टर म्हणाले की लगेच घाबरवतात असं समजू नका. किती धोका, कशामुळे, ते तिला थेट विचारू द्या, आणि शक्य असेल तर तेवढा वेळ बाकी सगळे बाहेर थांबा.

तुम्ही लिहिलंय की पहिलं बाळंतपण आहे, ४१ आठवडे पूर्ण झालेत, बीपी-शुगर ठीक आहे. मग सगळ्यात आधी तारीख तपासा. ४० आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि त्यात पाळी २८ दिवसांची धरलेली असते. तिची पाळी ३५-४० दिवसांनी येत असेल तर आठवडा-दीड आठवडा तिथेच चुकतो. १४ आठवड्यांच्या आत केलेली सोनोग्राफी सगळ्यात भरवशाची, तिच्यात पाच-सात दिवसांचाच फरक पडतो. शेवटच्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीवरून काढलेली तारीख तीन आठवडेही इकडेतिकडे असू शकते. पहिल्या सोनोग्राफीचा कागद शोधून डॉक्टरांसमोर ठेवा. कधीकधी सगळा वाद तिथेच मिटतो.

तारीख पक्की असेल तर डॉक्टरांचं म्हणणं हलक्यात घेण्यासारखं नाही. ४१ आठवडे पूर्ण झाले की कळा आणाव्यात, असं जागतिक आरोग्य संघटनाही सुचवते. वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० साली या विषयावरच्या चाचण्या एकत्र करून पाहिल्या. साधारण ५४४ जणींना कळा आणल्या तर एका बाळाचा मृत्यू टळतो, असं त्यातून दिसलं. सिझरचं प्रमाण वाढलं नाही, उलट किंचित कमी झालं. म्हणजे एकेकीसाठी धोका लहान आहे, पण तो खरा आहे आणि दिवसागणिक वाढतो. बीपी वाढलेलं असतं, शुगर असती किंवा बाळाची वाढ कमी असती तर हे आकडे लागू झाले नसते. तिथे थांबणं मी अजिबात सुचवलं नसतं.

ती नको का म्हणते ते विचारलंत का? बहुतेकींना भीती असते ती इंजेक्शन देऊन शेवटी सिझरच होण्याची. त्यावर तपासणी झाली की 'बिशप स्कोअर किती?' असं विचारा. गर्भपिशवीचं तोंड किती उघडलंय, किती पातळ आणि मऊ झालंय, कुठे वळलंय आणि बाळाचं डोकं किती खाली आलंय, यावर तो काढतात. सहा किंवा त्याहून कमी असेल तर थेट सलाईनमधून ऑक्सिटोसिन (कळा आणणारं औषध) सुरू करण्यात अर्थ नसतो, आधी तोंड मऊ करावं लागतं. त्यासाठी जेल, २५ मायक्रोग्रॅमची मिसोप्रोस्टॉलची गोळी किंवा फोलीचा फुगा (तोंडात ठेवून फुगवायची नळी) वापरतात. २०० मायक्रोग्रॅमची गोळी तुकडे करून देत असतील तर हरकत घ्या, तुकडे सारखे पडत नाहीत. आणि यात २४ तासांहून जास्त वेळ जाऊ शकतो, हे तिला आधीच माहीत असू द्या. कित्येकदा तिचा नकार इंजेक्शनला नसतो, घाईला असतो.

तरीही थांबायचं ठरलं तर नकार फक्त कळा आणण्यापुरता ठेवा, देखरेख सोडू नका. आठवड्यातून दोनदा एनएसटी (पोटावर पट्टा लावून बाळाचे ठोके नोंदवणारी तपासणी) आणि गर्भजलाची सोनोग्राफी करा. एनएसटीच्या पट्टीवर २० मिनिटांत बाळाचे ठोके किमान दोनदा १५ ने वाढून १५ सेकंद टिकलेले दिसले पाहिजेत. पाण्याचा सगळ्यात खोल कप्पा दोन सेंटीमीटरपेक्षा कमी आला तर थांबणं संपलं. घरी रोज डाव्या कुशीवर झोपून हालचाली मोजा. दोन तासांत दहा झाल्या नाहीत तर सकाळची वाट न बघता निघा. 'जागा कमी झाली म्हणून बाळ हलत नाही' हे सपशेल चूक आहे. शेवटपर्यंत हालचालींची संख्या कमी व्हायला नको.

आता कागद. दवाखान्याच्या छापील फॉर्मवर बहुधा एकच ओळ असते: 'आमच्या जबाबदारीवर घरी नेत आहोत.' तेवढ्यावर सही करू नका. तिने स्वतःच्या हाताने खाली लिहावं: 'कळा आणण्याचा सल्ला, त्याचे फायदे आणि थांबण्याचे धोके मला समजावले आहेत. मी सध्या थांबत आहे. तपासणीला अमुक तारखांना येईन. अमुक तारखेपर्यंत कळा आल्या नाहीत तर पुन्हा निर्णय घेईन.' सही, तारीख, वेळ घालून फोटो काढून ठेवा. ही शेवटची तारीख ४२ आठवड्यांच्या आतली हवी. या सहीने परत येण्याचा हक्क जात नाही. जीव धोक्यात असताना सरकारी असो वा खाजगी, डॉक्टरांनी मदत करायलाच हवी, हे परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्येच ठरलं आहे. याच डॉक्टरांना पुढे बघायचं नसेल तर लेखी अर्ज करून रेकॉर्ड मागा, ते ७२ तासांत द्यावं लागतं. मात्र बाहेर पडण्याआधी ऑपरेशन थिएटर, रक्त आणि नवजात बाळाचा अतिदक्षता विभाग असलेलं दुसरं ठिकाण ठरलेलं हवं.

पाणमोट फुटली आणि पाणी हिरवट आलं, अंगावरून रक्त गेलं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली किंवा हालचाल मंदावली, तर लगेच १०८ ला फोन करा. तिला वाटेतच सांगा की आता काय करायचं तो निर्णय ती नव्याने घेऊ शकते, आधीच्या कागदाने ती बांधलेली नाही.