ख्रिस्ती लोक वल्हांडण पाळत नाहीत, मग येशूला ‘वल्हांडणाचा कोकरा’ का म्हणतात?

वल्हांडण ज्यूंचा सण, मग चर्चमध्ये तो सारखा कानावर का पडतो, असं तुम्ही विचारलंय. मी ख्रिस्ती घरातला, तेव्हा आमच्या बाजूने सांगतो.

मूळ हकिकत बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात आहे. मिसरात (इजिप्तमध्ये) गुलाम असलेल्या इस्राएली लोकांना आज्ञा झाली: घरटी एक वर्षाचा निर्दोष कोकरा कापा, एजोब नावाच्या झुडपाची जुडी रक्तात बुडवून दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावा. त्या रात्री मिसरातल्या प्रथमजन्मलेल्यांवर आलेलं मरण ती दारं ओलांडून गेलं. मांस भाजून बेखमीर भाकरी आणि कडू भाजीसोबत खायचं, तेही कंबर कसून, पायात जोडे घालून. कारण लगेच निघायचं होतं.

येशूचं चरित्र सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मत्तय, मार्क आणि लूक यांच्या मते येशूचं शेवटचं जेवण म्हणजे वल्हांडणाचंच जेवण. योहानाचा हिशेब वेगळा. त्याच्याकडे येशू सणाच्या तयारीच्या दिवशी वधस्तंभावर जातो, म्हणजे यरुशलेमच्या मंदिरात कोकरे कापले जायचे त्याच दिवशी. या तारखेवरून अभ्यासक अजून भांडतात, पण योहानाचा रोख लपत नाही. शेजारच्या दोघांचे पाय शिपाई मोडतात, येशूचे मोडत नाहीत. वल्हांडणाच्या कोकऱ्याचं हाड मोडायचं नाही, हा निर्गमातलाच नियम. आंबट द्राक्षारसात बुडवलेला स्पंज येशूच्या तोंडाशी नेतात तोही एजोबाच्या काडीवर! प्रेषित पौल तर करिंथच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्रात (1 करिंथ 5:7) ख्रिस्तच आपला वल्हांडणाचा यज्ञ, असं उघड लिहितो. म्हणून आम्ही वेगळा कोकरा कापत नाही. प्रभुभोजन (चर्चमधला भाकरी आणि द्राक्षारसाचा विधी) आणि ईस्टर यांत तो सण आला. सुरुवातीला आशिया मायनरमधल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळ्या, म्हणजे तिथली चर्चेस, ज्यूंच्याच तारखेला, त्यांच्या नीसान महिन्याच्या 14 तारखेला ईस्टर पाळत. सगळ्यांनी एकाच रविवारी पाळावा असं 325 साली नायसिया इथल्या बिशपांच्या परिषदेत ठरलं.

आमच्या प्रवचनांत मात्र हे सगळं पापक्षमेवर येऊन थांबतं, ते मला अपुरं वाटतं. निर्गमात त्या रात्रीच्या संदर्भात इस्राएलच्या पापाचा विषयच नाही. रक्त ही खूण आहे आणि पुढे गुलामीतून सुटका आहे. क्षमेची गोष्ट येते ती शेवटच्या जेवणात येशू प्याला हातात घेऊन बोलतो तेव्हा (मत्तय 26:28). दोन्ही धरल्याशिवाय प्रभुभोजनाला अर्थ येत नाही.

हल्ली काही मंडळ्या ज्यूंसारखा सेदेर, म्हणजे वल्हांडणाच्या रात्रीचं विधिवत जेवण, भरवतात. मला ते पटत नाही. आजचा सेदेर घडला तो बराचसा इ. स. 70 मध्ये मंदिर पडल्यानंतर. येशूने तो तसाच केला असं म्हणता येत नाही. आपल्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे इथले मराठी बोलणारे ज्यू, हा सण आजही पाळतात. त्यांनी बोलावलं, तर पाहुणे म्हणून अवश्य जा.